दाराशी हातभर जागा

बाजाराच्या आवारात त्यांना नावाने कोणी ओळखत नव्हतं. चौतीस वर्षं ट्रकमध्ये पोत्यांच्या थप्प्या लावणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? थप्पीमास्तर. बायकोसुद्धा चिडली की दारातून म्हणायची, "या थप्पीमास्तर, ताट वाढलंय."

सगळा परिसर बटाट्याचा. हंगामात आवारात बटाट्याच्या पोत्यांचे डोंगर उभे राहत आणि ते डोंगर ट्रकमध्ये बसवणं हे मास्तरांचं काम. ढिगाकडे एकदा बघून ते म्हणत, "अकरा थर, आणि सात पोती उरतील." शेवटी खरोखर सात पोती उरत. पहिला थर आडवा, दुसरा उभा, पोत्यांची तोंडं आतल्या बाजूला. थप्पी पुरी झाली की ते डावा हात पुढे करत आणि सांध्यासांध्यावर करंगळी टेकवून बघत. ती करंगळी थोटी होती, नखासकट वरचं पेर गेलेलं. "ही थोटीसुद्धा आत शिरता कामा नये," असं ते हमालांना बजावत. शिरली, तर हमालांनी कितीही तोंडं वाकडी केली तरी अख्खा थर उतरवायला लावत.

लांबच्या पल्ल्याचे ड्रायव्हर त्यांच्यासाठी तासतास थांबत. एक जाडजूड ड्रायव्हर तर दर खेपेला म्हणायचा, "मास्तर, तुमची थप्पी आणि माझी सासू. एकदा बसल्या की हलायचं नाव नाही."

करंगळीचं काय झालं, असं कोणी विचारलं तर मास्तरांकडे दर वेळी नवी गोष्ट तयार असे. कोणाला सांगत, कुत्र्याने नेली. कोणाला सांगत, लग्न झालं त्या दिवशी बायको चावली. मेहुण्याला त्यांनी सांगितलं होतं की ट्रकचा मागचा फाळका बोटावर पडला. खरी गोष्ट आता फक्त बायकोला माहीत होती आणि ती बोलून दाखवायची गरज तिला इतक्या वर्षांत पडली नव्हती.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा असताना बहिणीकडे आला तो तिथलाच झाला. वरच्या खोलीत राहायचा. लग्न जमलं नाही, मग त्याने विषयच सोडून दिला. मास्तरांनी त्याला हाताखाली घेतलं. पोतं पाठीवर कसं घ्यायचं, मान कशी धरायची, थर कसा बसवायचा, सगळं शिकवलं. पोकळी राहिली की मानेवर एक चापट बसायची. बावीस वर्षांनंतरही थप्पी लावून झाली की मेहुणा खाली उतरून, हात झटकत एकच वाक्य विचारायचा, "दाजी, कशी झाली?"

आणि मास्तर करंगळी फिरवून म्हणायचे, "चालेल." त्यापलीकडे कौतुक करण्याची त्यांच्यात पद्धत नव्हती.

सगळं असं सुरळीत चाललं असताना रेल्वे आली. म्हणजे रेल्वे होतीच. स्टेशन होतं, दिवसातून चार प्रवासी गाड्या थांबत. पण स्टेशनाच्या मागचा मालधक्का चौतीस वर्षं बंद होता. पत्रे उडालेले, रुळांवर गुडघाभर गवत, धक्क्यावर शेळ्या. शेतकऱ्यांच्या संघाने तीन वर्षं अर्ज केले, खेटे घातले आणि अखेर रेल्वेने मान्य केलं. दर गुरुवारी दहा बंद वॅगन मिळतील. सकाळी सहाला लागतील, दुपारी तीनला निघतील. माल दोन दिवसांत लांबच्या शहरांत पोहोचेल. पण आधी दोन खेपा चाचणीच्या. इथे नऊ तासांत भरून झालं पाहिजे आणि तिथे सहा तासांत उतरून झालं पाहिजे. जमलं तर गाडी कायमची. नाही जमलं तर धक्का पुन्हा शेळ्यांना मोकळा.

संघाच्या बैठकीत अध्यक्षांनी हा सगळा तपशील वाचून दाखवला आणि मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "मास्तर, भरणीचा मुकादम लागेल. तुम्ही काय म्हणता?"

मास्तर भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर ट्रक होते, ड्रायव्हर होते, ताडपत्रीचे दोर होते. ते म्हणाले, "मी काय म्हणणार? शेळ्यांना विचारा. जागा त्यांची आहे."

बैठक हसली. मास्तरही हसले. अध्यक्ष आणखी एकदा विचारतील, थोडा आग्रह करतील, मग आपण आढेवेढे घेत हो म्हणू, असा त्यांचा हिशोब होता. पण अध्यक्ष घाईत होते. त्यांनी कागद उलटला आणि विचारलं, "मग दुसरं कोण आहे?" तेव्हा मागच्या रांगेतून मेहुण्याने हात वर केला. आधी दाजींकडे बघितलं, मग अर्धाच वर केला. तेवढा पुरला.

त्या दिवसापासून मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं.

मेहुण्याला पोपटी रंगाचं, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट मिळालं. एक शिट्टी मिळाली. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची खोली मिळाली आणि त्या खोलीत एक खुर्ची. हात असलेली, फिरणारी. मास्तरांनी चौतीस वर्षांत पोत्यावर, फाळक्यावर, उलट्या पाटीवर बसून चहा प्यायला होता आणि कधी वाईट वाटलं नव्हतं. आता ती खुर्ची त्यांच्या डोळ्यांत सलू लागली. गवत काढलं गेलं, नवे पत्रे आले, रुळांवर खडी पडली. मास्तर रोज बाजारात जाताना जवळची वाट सोडून लांबून, पाण्याच्या टाकीवरून जात. टाकीच्या चौथऱ्यावर उभं राहिलं की सगळा धक्का दिसायचा. तिथे थांबून ते बघत. आपण बघतो हे कोणी बघत नाही ना, तेही बघत.

बायको भावाचं जाकीट धुवायची, दोरीवर उन्हात घालायची आणि इस्त्रीसुद्धा करायची.

"त्या प्लॅस्टिकला इस्त्री करतेस?" मास्तर म्हणाले. "जळेल."

"कापड ठेवते वर. जळत नाही," ती म्हणाली. "दुसरंच कोणीतरी जळतंय."

एकदा ती पाणी भरायला गेली असताना मास्तरांनी दोरीवरचं जाकीट काढलं आणि अंगात घातलं. पोटावर बटण लागेना. श्वास आत ओढून पुन्हा प्रयत्न केला. एक लागलं. आरशात वळून पाठीवरचे पट्टे बघत होते तेवढ्यात बायको कळशी घेऊन दारात उभी.

"वाळलंय का ते बघत होतो," मास्तर म्हणाले.

"आतून?" तिने विचारलं आणि कळशी ठेवायला आत निघून गेली. त्या घरात या विषयावर पुन्हा कोणी बोललं नाही, पण मास्तरांना जेवण गोड लागेना.

पहिला गुरुवार आला. सकाळी सहाला इंजिनाने दहा वॅगन धक्क्याला लावल्या. तीस हमाल, एका वॅगनला तिघे. प्रत्येक वॅगनमध्ये साडेचारशे पोती. मास्तर त्या दिवशी बाजारात गेले, एक ट्रक भरला, दुसरा आलाच नाही. अकराच्या सुमारास ते टाकीवर जाऊन उभे राहिले. बाराला बायको भावाचं जेवण घेऊन तिकडून चालली होती. तिने त्यांना टाकीवर पाहिलं.

"चला," ती म्हणाली. "लांबून मान अवघडेल."

नाही म्हणायला काही सुचेना, म्हणून ते गेले.

धक्क्यावर गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा जवळून बघितलं आणि एका नजरेत त्यांना चूक दिसली.

मेहुण्याने वॅगन ट्रकसारखी भरली होती. दोन्ही टोकांकडून मधल्या दाराकडे थर आणत आणले होते आणि शेवटची पोती अगदी दारापर्यंत ठासून बसवली होती. सांध्यात करंगळी जाणार नाही अशी. ट्रकमध्ये तसंच भरायचं असतं. ट्रकला धक्का बसतो तो पुढच्या अंगाने, मागे फाळका असतो, माल जितका घट्ट तितका सुखरूप. पण वॅगन मधून उघडते, सरकत्या दाराने. आणि मालगाडीला झटके दोन्हीकडून बसतात. इंजिन जोडताना, सोडताना, रूळ बदलताना. दर झटक्याला दोन्ही टोकांचा माल थोडा थोडा मधे सरकतो. मधल्या पोत्यांना जायला जागा नसते, ती फुगतात आणि आतून दारावर रेलतात. असं दार मग सरकत नाही. म्हणून वॅगनमध्ये दाराशी हातभर जागा सोडायची असते आणि दोन्ही बाजूंची पोती पायऱ्या-पायऱ्यांनी मागे घेत न्यायची असतात. हे त्या धक्क्यावरच्या पुरुषांत त्या दिवशी एकालाच माहीत होतं.

कारण मास्तर ट्रकवर जाण्याआधी अडीच वर्षं याच मालधक्क्यावर हमाल होते. तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेली, अंगात रग. स्वतःच्या अकलेने त्यांनी एक वॅगन दारापर्यंत ठासून भरली. वजन पुन्हा करायचं म्हणून ती यार्डातून फिरून परत आली तेव्हा दार अडलं. त्यांनी पहार घातली, दार एकदम सुटलं, पोती अंगावर आली आणि डाव्या हाताची करंगळी दार आणि चौकट यांच्यामध्ये राहिली. म्हातारा मुकादम रक्त बांधता बांधता सगळ्यांसमोर हसला होता. "दाराशी हातभर जागा सोडायची असते, राजा. आता हाताकडे बघितलंस की आठवेल." ते हसू मास्तरांना बोटापेक्षा जास्त लागलं. म्हणून पुढे कुत्रा आला, बायको चावली, फाळका पडला.

मेहुणा वॅगनमधून खाली उडी मारून आला. घामाने न्हालेला, जाकीट पाठीला चिकटलेलं, गळ्यात शिट्टी. चेहरा मात्र एकोणीस वर्षांचा.

"आलात ना दाजी! मला वाटलंच होतं येणार." त्याने हात झटकले. "कशी झाली?"

मास्तरांनी वॅगनकडे बघितलं. पलीकडे पत्र्याच्या खोलीत ती खुर्ची दिसत होती, तिच्या पाठीवर कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता. त्यांनी करंगळी पुढे केली आणि दाराजवळच्या सांध्यावर टेकवली. शिरली नाही.

"छान," ते म्हणाले. "फारच छान. माझ्या हाताखाली शिकलास ना."

बावीस वर्षांत त्यांनी "चालेल"च्या पुढे शब्द काढला नव्हता. मेहुण्याने मान खाली घातली आणि दुसऱ्या वॅगनकडे पळाला. बायको मात्र जेवणाचा डबा हातात घेऊन तिथेच उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

गाडी तीनला दहा मिनिटं कमी असताना निघाली. संघाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालबाबूने, म्हणजे स्टेशनावर मालाचे कागद बघणाऱ्या कारकुनाने, मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली. मास्तर घरी आले आणि पोटभर जेवले. कित्येक दिवसांनी.

शुक्रवारी त्यांना बरं वाटत होतं. शनिवारी थोडं कमी. रविवारी दुपारी मालबाबूला फोन आला आणि तासाभरात ती बातमी बाजारभर झाली. दहापैकी सात वॅगनची दारं उघडेनात. पहारी लावल्या, दोन दारं तर कापावी लागली, पोती फाटली, बटाटे रुळांवर गेले. सहा तासांच्या जागी एकवीस तास लागले. रेल्वेने कळवलं की पुढची खेप शेवटची. पुन्हा असं झालं तर वॅगन विसरा.

संध्याकाळी संघाच्या कार्यालयात मेहुण्याला सगळ्यांसमोर उभं केलं. मास्तर दाराबाहेर चपला काढायच्या जागी उभे होते. कोणीतरी आतून ओरडलं, "अरे, थप्पीमास्तरांचा चेला म्हणवतोस! हेच शिकवलं का त्यांनी?"

अध्यक्षांनी विचारलं, "निघायच्या आधी थप्पी कोणाला दाखवली होतीस?"

मास्तर दाराआड सरकले.

"कोणालाच नाही," मेहुणा म्हणाला. "माझी मीच बघितली. चूक माझी आहे. पोती कुठेतरी ढिली राहिली असणार. पुढच्या वेळी आणखी घट्ट बसवतो."

त्याने दाजींचं नाव घेतलं नाही. मास्तरांच्या जिवात जीव यायला हवा होता. पण झालं भलतंच. त्यांना आणखी राग आला. आतापर्यंत त्यांना त्याच्या खुर्चीचा, शिट्टीचा, जाकिटाचा हेवा वाटत होता. आता हा चांगुलपणाही त्याच्याच वाट्याला गेला, आणि आपल्या वाट्याला काय उरलं? चपला.

घरी बायको बटाटे चिरत होती. त्यांच्याकडे न बघता तिने विचारलं, "अहो, तुमचं बोट कशात गेलं होतं?"

"माहीत आहे तुला."

"मला माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय. कुत्र्याने नेलं, की मी चावले?"

मास्तरांनी चपला कोपऱ्यात नीट लावून ठेवल्या.

"वॅगनच्या दारात," तीच म्हणाली. "लग्न झालं तेव्हा जखम ओली होती. मी औषध लावायची. तुम्ही मला दार कसं अडतं ते काडेपेटी घेऊन दाखवलं होतं, काड्या आत ठासून. आणि गुरुवारी माझ्यासमोर माझ्या भावाला म्हणालात, छान. मला वाटलं, आता वॅगनच वेगळ्या असतील."

"मी मुकादम नाही तिथे. मला कोणी विचारलं होतं?"

"त्याने विचारलं होतं. मी तिथेच उभी होते." तिने सुरी खाली ठेवली. "मी त्याला सांगणार नाही. माझ्याकडून कळलं तर तो तुम्हाला एका दिवसात माफ करेल, मूर्ख आहे तो. ते मला नकोय. तुम्ही सांगा. नाहीतर सांगू नका, आणि पुढच्या गुरुवारी टाकीवर जाऊन बघा मजा."

सोमवार, मंगळवार, बुधवार मास्तरांनी बाजारात काढले. ट्रक कमी होते. जाडजूड ड्रायव्हरने विचारलं, "काय मास्तर, आज विनोद नाही?" त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं. मनात एकच घोळत होतं. गप्प बसलो तर गाडी बंद होते, मेहुणा खाली येतो, सगळं पहिल्यासारखं होतं. आणि बोललो तर सगळ्यांना कळतं की पहिल्या खेपेला हा माणूस जाणूनबुजून मूग गिळून बसला. खुर्ची तर काही मिळत नाहीच. बरं, बोलून त्या पोराचंच भलं करायचं. का म्हणून? हा का म्हणून त्यांनी तीन दिवस चघळला आणि त्याची चव काही बदलली नाही.

गुरुवारी सकाळी ते बाजारात गेले. नऊला परत आले. खुंटीवरचा पोती ओढायचा आकडा काढला. बायकोने बघितलं आणि दुसरा डबा घासायला घेतला.

धक्क्यावर चार वॅगन भरून झाल्या होत्या, पाचवी दारापर्यंत आली होती, बाकीच्या अर्ध्यामुर्ध्या होत्या. मेहुणा दाराशी उभा राहून फळीने पोती आत ठोकत होता. मागच्या खेपेपेक्षा एक रांग जास्त कोंबली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मालबाबू आणि अध्यक्ष घड्याळाकडे बघत फेऱ्या मारत होते.

"थांब," मास्तर म्हणाले.

"दाजी, आज वेळ नाही. नंतर बोलू."

"थांब म्हणतो ना! जेवढं ठोकशील तेवढं दार अडेल." आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. हमाल थांबले. मास्तरांनी डावा हात वर केला. "हे बोट फाळक्यात गेलं नव्हतं. असल्याच दारात गेलं, याच धक्क्यावर. मीच भरली होती, अशीच ठासून. दाराशी हातभर जागा लागते. नाहीतर झटक्यांनी माल मधे येतो आणि दारावर बसतो."

मेहुणा फळी घेऊन उभा राहिला.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"गेल्या गुरुवारी?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा?"

"हो रे बाबा, हो."

"मग छान का म्हणालात?"

तीस हमाल, मालबाबू, अध्यक्ष, सगळे ऐकत होते. एरवी मास्तरांना एखादी गोष्ट सुचली असती, कुत्र्यासारखी, चावणाऱ्या बायकोसारखी. पण त्या दिवशी एकही सुचली नाही.

"तुझी ती खुर्ची बघवत नव्हती मला," ते म्हणाले. "अजूनही बघवत नाही."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मेहुण्याने फळी खांद्यापर्यंत उचलली. क्षणभर सगळ्यांना वाटलं, तो मारतोय की काय. त्याने फळी धक्क्यावर टाकली, शिट्टी तोंडात घेतली आणि इतक्या जोरात फुंकली की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"चारही वॅगन उघडा. दाराजवळची पोती बाहेर." मग मास्तरांकडे न बघता, "किती जागा?"

"हात आत घालायचा. कोपरापर्यंत गेला पाहिजे."

"आणि पायऱ्या?"

"पायऱ्या लागतात हे तुला कसं कळलं?"

"जागा सोडली तर वरची पोती त्यात पडतील, एवढी अक्कल आहे मला. बोला लवकर. साडेपाच तास राहिलेत."

मास्तर पाचव्या वॅगनमध्ये चढले. दोन पोती आडवी, त्यांच्यावर एक मागे घेऊन उभं, त्यावर आणखी मागे. तिघा हमालांनी बघितलं, बाकीच्यांनी त्यांचं बघितलं. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी त्या दिवशी दहा वॅगनच्या दारांशी चढउतार केली. मेहुणा एका टोकाला, ते दुसऱ्या. एकदा दोघे एकाच पोत्याला आले. एका बाजूने यांनी आकडा लावला, दुसऱ्या बाजूने त्याने हात घातला, पोतं उचललं, जागेवर टाकलं आणि दोघेही एकमेकांकडे न बघता वेगळ्या दिशांना गेले. बायको बाराला जेवण घेऊन आली. दोन डबे होते. तिने दोन्ही धक्क्यावर ठेवले आणि निघून गेली. कोणालाच खायला वेळ झाला नाही.

तीनला सहा मिनिटं राहिली असताना शेवटचं दार बंद झालं. धक्क्यावर दोनशे दहा पोती उरली होती. जागा सोडली, त्याची ही किंमत.

अध्यक्षांनी डोक्याला हात लावला. "आणि ही पोती? शेतकऱ्यांना काय सांगू?"

"ट्रकने जातील," मेहुणा म्हणाला. "ट्रक भरायला मास्तर आहेत आपल्याकडे."

दाजी नाही म्हणाला, मास्तर म्हणाला. हमाल हसले. मास्तरांनी तो टोमणा गिळला, कारण तो त्यांचाच होता. संध्याकाळी त्यांनी ती दोनशे दहा पोती ट्रकमध्ये लावली. अकरा थर, बारा उरली, ती ड्रायव्हरच्या मागे बसवली. सांध्यात करंगळी शिरली नाही.

रविवारी फोन आला. दहाही दारं उघडली. एकेका माणसाने, एका हाताने. साडेचार तासांत माल उतरला. रेल्वेने गाडी कायम केली.

संघाने मास्तरांना धक्क्यावर घेतलं, वॅगनची दारं बघायला. त्यांच्या मापाचं जाकीट मागवलं होतं, ते आलं तेव्हा खांद्यात सैल आणि पोटावर तेवढंच अडचणीचं. बाजारातले ट्रक चालूच राहिले, पण थोडे. ते थोडे मास्तरांनी दुसऱ्या एकाला दिले. मेहुणा अजून वरच्या खोलीत राहतो. जेवताना भाजीचं भांडं पुढे सरकवतो, बाजारातल्या गोष्टी सांगतो, मास्तर आजारी पडले तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसला. बहिणीला वाटतं, सगळं मिटलं.

मिटलं नाही, हे फक्त मास्तरांना माहीत आहे. दर गुरुवारी थप्पी लागली की ते दाराशी उभे राहतात. मेहुणा खाली उतरतो, हात झटकतो आणि त्यांना काहीही विचारत नाही. त्यांच्या शेजारून पुढे होतो, जाकिटाची बाही वर सारतो आणि स्वतःचा हात दाराच्या पोकळीत कोपरापर्यंत घालून बघतो. एक वॅगन, दुसरी वॅगन, अशा दहा. मग शिट्टी फुंकतो. मास्तरांनी आधीच बघितलेलं असतं, तरीही तो बघतो.

"कशी झाली?" या दोन शब्दांची मास्तर अजून वाट बघतात. खुर्चीचं आता त्यांना फारसं काही वाटत नाही. त्या खुर्चीवर मेहुणा क्वचितच बसतो, बहुतेक वेळा तिच्यावर टॉवेल वाळत असतो. पण तो हात पोकळीतून बाहेर येतो, धुळीने माखलेला, पाचही बोटं शाबूत असलेला, तेव्हा त्यांच्या पोटात पुन्हा तसंच दुखतं.